दोन 'यस' आणि एक शून्य

मायएसक्यूएलच्या रेप्लिकेशनची परीक्षा कशी घेतली, असे विचारले असता 'शो रेप्लिका स्टेटस ही आज्ञा दिली, आयओ आणि एसक्यूएल या दोन्ही थ्रेडांपुढे यस आले, पिछाडी शून्य सेकंद दिसली, सबब रेप्लिका प्रायमरीबरहुकूम आहे' हे उत्तर ज्या निःशंक मुद्रेने दिले जाते, तिचा आता मनस्वी कंटाळा आला आहे.

दोन 'यस'चा अर्थ इतकाच की, प्रायमरीच्या बायनरी लॉगमधील नोंदी आणणारा थ्रेड आणि त्या रेप्लिकेवर बजावणारा थ्रेड हे दोघेही कामावर हजर आहेत. हजेरीपटावरून हिशेबाची रुजुवात होत नसते. पिछाडीचा आकडा तर याहून फसवा. मायएसक्यूएलच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच स्पष्ट केले आहे की, तो वस्तुतः रेप्लिकेवरील या दोन थ्रेडांमधील अंतर मोजतो. नेटवर्क मंदावून नोंदी प्रायमरीकडेच रखडल्या असतील, तर आलेले सर्व बजावून मोकळा बसलेला थ्रेड शून्यच दाखवणार. ज्याला शंका असेल त्याने चाचणीच्या मशीनवर, रेप्लिकेच्या फायरवॉलमध्ये, प्रायमरीच्या 3306 पोर्टवरून येणारी पॅकेट्स मुकाट टाकून देण्याचा नियम घालावा, प्रायमरीवर एक ओळ इन्सर्ट करावी आणि लगोलग स्टेटस पाहावे: दोन्ही यस, पिछाडी शून्य, आणि ओळीचा पत्ता नाही! हा देखावा 'रेप्लिका नेट टाइमआउट'ची मुदत संपेपर्यंत टिकू शकतो. ती हल्ली 60 सेकंदांची असली, तरी 5.7.7 या आवृत्तीपूर्वी डीफॉल्टने 3600 सेकंदांची, म्हणजे तब्बल एक तासाची होती. खरी पिछाडी हवी असल्यास पीटी-हार्टबीट वापरावे; ते प्रायमरीवरील एका टेबलात दर सेकंदाला वेळ लिहिते आणि रेप्लिकेवर पोहोचलेली वेळ तिथल्या घड्याळाशी ताडते. दोन्ही घड्याळे जुळलेली हवीत, हे सांगणे नलगे.

बरे, पिछाडी खरोखरच शून्य आहे असे धरले, तरी डेटा एकच आहे हे कशावरून? 'सुपर रीड ओन्ली' लावायचे राहिले म्हणून कोणी रेप्लिकेवर हाताने अपडेट चालवला असेल, अथवा स्टेटमेंट फॉरमॅटमध्ये ऑर्डर बायविना लिमिट लावलेल्या डिलीटने दोन्हीकडे निरनिराळ्या ओळी उडवल्या असतील, तर पडलेल्या फरकाविषयी सर्व्हर चकार शब्द काढीत नाही. कारण रेप्लिकेशन बदल वाहून नेते, टेबलांचा मुकाबला करीत नाही. तो पीटी-टेबल-चेकसमने करावा लागतो. टेबलाचे तुकडे पाडून प्रत्येकाचा चेकसम काढणारी क्वेरी ते प्रायमरीवर चालवते, आणि तीच क्वेरी स्टेटमेंटच्या रूपाने रेप्लिकेशनच्याच वाटेने जाऊन रेप्लिकेवर नेमक्या त्याच टप्प्याला पुन्हा चालते. म्हणून लिखाण चालू असतानाही तुलना न्याय्य ठरते.

उर्वरित समजुतींचा समाचार थोडक्यात घेता येईल. काउंट जुळला म्हणजे मजकूर जुळला, हे अंकगणितही नव्हे. एरर आली की एक ट्रँझॅक्शन वगळून पुढे जाणारा फरकाचा एक नवा दाखला निर्माण करतो, आणि वर पुन्हा 'यस' मिळवतो. सेमी-सिंकची पोचपावती नोंद रेप्लिकेच्या रिले लॉगमध्ये पोहोचल्याची असते, ती बजावली गेल्याची नव्हे.

आणि रेप्लिका म्हणजे बॅकअप, हा समज: प्रायमरीवरील ड्रॉप टेबल रेप्लिकेवरही तितक्याच इमानाने बजावला जातो. पोस्टग्रेएसक्यूएल वापरणाऱ्या गिटलॅबमध्ये 31 जानेवारी 2017 रोजी, मागे पडलेली रेप्लिका नव्याने उभारण्याच्या खटपटीत, रेप्लिकेची समजून प्रायमरीचीच डेटा डिरेक्टरी पुसली गेली. पीजी-डंपचे नित्याचे बॅकअप आवृत्तीच्या विसंगतीमुळे निघतच नव्हते, हे तेव्हा उघडकीस आले, आणि कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार अखेर कामी आला तो सुमारे सहा तासांपूर्वी चाचणीच्या सर्व्हरसाठी एका अभियंत्याने हाताने घेतलेला स्नॅपशॉट.