फाइल कोणत्या न्यायाधीशापुढे?

हक्काचा पैसा : लेखांक ६

पहिला अर्ज फेटाळला जातो, इथवर आपण मागच्या आठवड्यात आलो होतो. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीकडे अपंगत्वाच्या भत्त्यासाठी येणाऱ्या अर्जांपैकी साधारण दोनतृतीयांश पहिल्याच फेरीत परत जातात. मग साठ दिवसांत फेरविचार मागायचा. तिथेही बहुतेकांच्या हाती नकाराचेच पत्र पडते. त्यानंतर पुन्हा साठ दिवसांत मागायची ती सुनावणी. अर्जदाराला न्यायाधीशाशी स्वतः बोलायला मिळते ते इथे.

आपल्याकडच्या वाचकाने एक फरक आधी ध्यानात घ्यावा. आपल्या प्रमाणपत्रावर टक्के असतात आणि चाळीसचा आकडा गाठला की पुढची दारे उघडतात. तिथे टक्केवारी नाही. आजार किमान बारा महिने टिकणारा किंवा जिवावर बेतणारा हवा, आणि त्यापायी जुनेच काय, कोणतेही पुरेशा कमाईचे काम जमत नसले पाहिजे. पुरेशी कमाई म्हणजे २०२५ साली महिन्याला १,६२० डॉलर. उत्तर एक तर हो, नाही तर नाही. कंबरदुखी, नैराश्य, अंगभर ठणकणारा जुनाट आजार यांत एक्स-रेवर दिसते किती आणि माणूस सोसतो किती, याचा मेळ लागत नाही. तो मेळ न्यायाधीशाने आपल्या अंदाजाने घालायचा असतो, आणि अंदाज माणसागणिक वेगळे.

सुनावणी म्हणताच सिनेमातले कोर्ट डोळ्यांपुढे आणू नका. एखाद्या ऑफिसच्या इमारतीतली लहानशी खोली असते. करोनापासून तर पुष्कळदा नुसता फोन किंवा व्हिडिओ. सरकारतर्फे भांडायला वकील नसतो. दोन्ही बाजू न्यायाधीशानेच तपासायच्या. प्रश्न अगदी घरगुती असतात : सलग किती वेळ उभे राहता येते, बाजारातून पिशवी कोण आणते, महिन्यातले किती दिवस अंथरूण सुटत नाही. मग व्यवसायतज्ज्ञाची साक्ष होते. न्यायाधीश त्याच्यापुढे एक काल्पनिक माणूस उभा करतो. ‘दहा पौंडांहून जास्त उचलता येत नाही, दर तासाला जागा बदलावी लागते, अशाला देशात काही काम आहे का?’ तज्ज्ञ ज्या सरकारी व्यवसायकोशाच्या आधारे उत्तर देतो, त्यातल्या बहुतेक नोंदी १९७७ च्या. शेवटची दुरुस्ती १९९१ ची. अक्रोड-बदाम निवडण्याचे काम करता येईल, असे सांगून अर्ज नाकारलेले आहेत. २०२४ मध्ये सोशल सिक्युरिटीने अशी शंभरावर कालबाह्य कामे बाजूला काढली. तेहतीस वर्षांनी!

आता मुख्य मुद्दा. सुनावणीत कोणाच्या पदरात काय पडते, हे गावागावांनुसार बदलते अशी तिथल्या अर्जदारांत पक्की समजूत आहे. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली २००७ ते २०१५ या काळातले निकाल तपासले. वय, आजार, शिक्षण असे सगळे सारखे धरून सर्वसाधारण दावा घेतला, तर कार्यालय बदलल्याने मंजुरीच्या शक्यतेत १९ टक्केबिंदूंपर्यंत फरक पडत होता. न्यायाधीश बदलल्याने पडणारा फरक मात्र ४६ पर्यंत. शहराला नावे ठेवणाऱ्यांनी हा दुसरा आकडा पाहावा. एकाच मजल्यावरच्या दोन खोल्यांमधले अंतर दोन राज्यांमधल्या अंतराहून मोठे असू शकते.

तरीही स्थळाला महत्त्व आहेच. पहिला निर्णय राज्याचे कार्यालय घेते. ते कडक असेल तर खरे गरजू लोक वरच्या पायरीवर साचतात आणि तिथल्या न्यायाधीशांची मंजुरी आपोआप जास्त दिसते. दहा राज्यांत, काहींच्या फक्त काही भागांत, १९९९ पासून सुमारे वीस वर्षे फेरविचाराची पायरीच नव्हती. नकारानंतर माणूस थेट सुनावणीला जायचा. शिवाय नियम पन्नाशी ओलांडलेल्या, कमी शिकलेल्या, अंगमेहनत केलेल्या माणसाला झुकते माप देतात. तेव्हा वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा पट्ट्यात जास्त अर्ज मंजूर झाले, तर त्यात लगेच लबाडी शोधू नये.

पण लबाडी सापडली ती त्याच पट्ट्यात. हंटिंग्टनच्या कार्यालयातले न्यायाधीश डेव्हिड डॉहर्टी यांनी २०१० च्या आर्थिक वर्षात १,२८४ प्रकरणे निकालात काढली आणि त्यांतली फक्त चार नाकारली. शेजारच्या केंटकीतला वकील एरिक कॉन त्यांना दरमहा पैसे पोचवत होता. एकूण रक्कम सहा लाख डॉलरच्या वर गेली. दोघांनी २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला. कॉन शिक्षा होण्याआधीच पळाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात होंडुरासमध्ये पकडला गेला. या कथेतले खरे नुकसान अशिलांचे झाले. सोशल सिक्युरिटीने पंधराशेहून अधिक लोकांचे दावे पुन्हा उघडले आणि संशयित डॉक्टरांचे कागद सरसकट बाजूला काढले. ते कागद आपल्या बाबतीत खरे होते, हे सांगायची संधीही अर्जदारांना दिली नाही. अनेकांचा भत्ता गेला. २०१८ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली.

उलट टोक न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये. तिथल्या पाच न्यायाधीशांविरुद्ध पूर्वग्रहाचा आरोप करत २०११ मध्ये सामूहिक दावा दाखल झाला. २०१३ च्या तडजोडीने सुमारे चार हजार जणांना दुसऱ्या न्यायाधीशापुढे नव्याने सुनावणी मागण्याची वाट मिळाली. म्हणजे डॉहर्टींना थांबवायला जशी वर्षे गेली, तशीच या पाचांना जाब विचारायलाही.

वरिष्ठ आधीच का आवरत नाहीत? कारण कायदाच तसा आहे. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने या न्यायाधीशांना खात्याच्या दबावापासून कुंपण घातले. प्रकरणे शक्यतो पाळीपाळीने वाटायची, आणि कामगिरीचे शेरे खात्याने मारायचे नाहीत. १९८० नंतर सोशल सिक्युरिटीने ते कुंपण ओलांडायचा प्रयत्न करून पाहिला. संसदेने फेरतपासणी सांगितली होती. खात्याने निशाण्यावर घेतले ते जास्त मंजुरी देणारे न्यायाधीश. कमी देणाऱ्यांना कोणी विचारले नाही. न्यायाधीशांची संघटना कोर्टात गेली आणि १९८४ मध्ये ते लक्ष्य गुंडाळले गेले. पुढे २०१० च्या सुमारास मंजूर निकालांचे नमुने तपासायला सुरुवात झाली. याच काळात देशभरातली मंजुरी साठ टक्क्यांच्या वरून पन्नासच्या खाली आली. कायद्यातली अपंगत्वाची व्याख्या मात्र तीच होती.

माझ्या मते दोष स्वातंत्र्यात नाही, एका डोळ्याने पाहण्यात आहे. तपासायचे तर मंजूर आणि नामंजूर दोन्ही निकाल सारख्याच बारकाईने तपासावेत. न्यायाधीशनिहाय आकडे सोशल सिक्युरिटी स्वतः नावानिशी प्रसिद्ध करते. अर्जदार ते वाचून फार तर धास्तावतो. आकडे प्रतिकूल दिसले म्हणून न्यायाधीश बदलून मागता येत नाही. पूर्वग्रह दाखवून देता आला तरच.

वाचकांपैकी कोणाचे नातलग तिकडे असतील आणि या फेऱ्यात अडकले असतील, तर त्यांना एवढे कळवा. नकाराचे पत्र मिळाल्यापासूनचे साठ दिवस चुकवू नका आणि नवा अर्ज करत बसण्याऐवजी अपील करा. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाष्या मागा, तो विनामूल्य मिळतो. आणि प्रतिनिधी घ्याच : त्याच २०१७ च्या तपासणीत प्रतिनिधी असलेल्यांचा दावा मंजूर होण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट आढळली होती. नेहमीच्या करारानुसार त्याची फी दावा जिंकला तरच द्यावी लागते. ती थकबाकीच्या पंचवीस टक्क्यांहून जास्त नसते आणि नोव्हेंबर २०२४ पासून तिची कमाल मर्यादा ९,२०० डॉलर आहे.

(पुढील लेखांकात : सुनावणीतही नकार मिळाला, तर पुढे काय?)