सोडचिठ्ठीचा कागद आणि तुमचा वकील

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडची पुरुषमंडळी फार आवडीने सांगतात. आणि सांगतात केव्हा, तर घरातली लेक किंवा सून आपला हक्क मागायला लागली की! मग चार मोठी माणसं ओसरीवर बसतात, चहा होतो, आणि स्टॅम्पपेपरवर 'आम्ही उभयता राजीखुशीने वेगळे होत आहोत, एकमेकांकडे काही मागणे नाही' असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या जातात. त्यावर नोटरीचा शिक्का बसला की झाली सोडचिठ्ठी, असं सगळ्यांना वाटतं.

मैत्रिणींनो, ती झालेली नसते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे घटस्फोट देतं ते न्यायालय. जातीत काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण तशी रूढी आहे हे कोर्टात पुराव्याने शाबीत करावं लागतं. नुसतं 'आमच्यात असंच करतात' म्हणून भागत नाही. नाहीतर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अजून त्याच नवऱ्याची बायको असता. त्याने दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा, आणि तुम्ही केलंत तर तुमचाही.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. पोटगीच्या कायद्यात असं कलम आहे की नवराबायको परस्परसंमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी मिळत नाही. म्हणजे ज्या कागदाने तुमची सुटका होत नाही, तोच कागद उद्या पोटगीच्या अर्जावर तुमच्याविरुद्ध दाखवला जाऊ शकतो. तेव्हा सहीसाठी कितीही घाई झाली, मामा-काकांनी कितीही डोळे वटारले, तरी 'वकिलाला दाखवते, मग सांगते' एवढंच म्हणा आणि कागद ठेवून घ्या.

आता वज्रेश्वरीचंच उदाहरण घेऊ. देवीच्या दर्शनाला आणि गरम पाण्याच्या कुंडांसाठी आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे जाऊन आल्या असतील. समजा, तिथली एक मुलगी नाशिककडे दिली, आणि चार वर्षांनी लेकराला कडेवर घेऊन ती माहेरी परत आली. पूर्वी अशा मुलीपुढे मोठा प्रश्न असे, की दर तारखेला नाशिकला जायचं कुणी आणि कसं? 2003 साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता अर्ज करतेवेळी बायको जिथे राहत असेल तिथल्या न्यायालयातही ती घटस्फोटाचा अर्ज करू शकते. वज्रेश्वरीचा तालुका भिवंडी आणि जिल्हा ठाणे. जो भाग कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीत येतो तिथले अर्ज त्या न्यायालयात, आणि इतर ठिकाणचे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात चालतात. आपलं गाव कुठे मोडतं ते भिवंडीच्या कोर्टात विचारून घ्यावं. पोटगीचा अर्जही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येतो.

माहेरी आल्यावर बऱ्याचदा घटस्फोटाच्या आधी एक नोटीस येऊन पडते, 'नांदायला ये' अशी. ही नोटीस आपल्या महाराष्ट्राला जुनीच ओळखीची. दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर 1884 मध्ये नांदायला येण्याचाच दावा लावला होता. 1887 मध्ये मुंबई हायकोर्टाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असा निकाल दिला, तेव्हा त्या बाईने कैद पत्करायची तयारी दाखवली. 1888 मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. आज कैदेची भीती नाही. पण असा दावा लागला आणि समन्स घेऊन तुम्ही घरी बसून राहिलात, तर एकतर्फी हुकूम होतो. त्या हुकुमानंतर वर्षभर एकत्र नांदणं झालं नाही, तर त्याच आधारावर नवरा घटस्फोट मागू शकतो. म्हणून तारखेला हजर राहा आणि परत का जात नाही ते कैफियतीत लिहून द्या. असा हुकूम झाला तरी तेवढ्याने पोटगी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं आहे.

घटस्फोटाचे रस्ते दोन. दोघंही तयार असतील तर परस्परसंमतीचा, जो 1976 साली कायद्यात आला. त्यासाठी निदान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबून पुन्हा दोघांनी न्यायालयाला सांगायचं, की आमचा विचार कायम आहे. मधला सहा महिन्यांचा काळ न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं, हे 2017 च्या निकालाने ठरलं आहे. या रस्त्यावर एक खड्डा आहे. शेवटच्या हुकुमापर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून रक्कम, दागिने, मुलाचा ताबा, मुलाला भेटायचे दिवस हे सगळं अर्जासोबतच्या अटींत लिहिलेलं हवं. 'नंतर बघू' नको. तुम्ही स्वतःची पोटगी सोडलीत तरी मुलाचा हक्क तुम्ही सोडू शकत नाही, हेही तिथे ठणकावून सांगा.

दुसरा रस्ता भांडणाचा. छळ, दोन वर्षं टाकून देणं, व्यभिचार अशी कारणं कायद्यात दिलेली आहेत, आणि ती साक्षीपुराव्याने दाखवावी लागतात. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सहसा अर्ज करता येत नाही. हा रस्ता लांबतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी अंतरिम पोटगी आणि कोर्टखर्चाचा अर्ज द्यायला हवा. तो होईल तितकं साठ दिवसांत निकालात काढावा असं कायदाच म्हणतो. 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून दोघांनाही आपलं उत्पन्न आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागते. भिवंडीकडे खरी अडचण इथेच येते. यंत्रमागाचा धंदा, गोदामाचं भाडं, सगळा व्यवहार रोखीचा. पगाराची पावती म्हणून काही नाहीच. 'मला काय मिळतंय, भावाकडे काम करतो,' हे उत्तर ठरलेलं! अशा वेळी सातबारा उतारा, गाडीचे कागद, घराची कर पावती, मुलाच्या शाळेच्या फीच्या पावत्या कामाला येतात. सातबारा तर सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो. लग्नपत्रिका, फोटो, आधार, रेशनकार्ड यांच्या नकला माहेरी वेगळ्या ठेवाव्यात. आणि दागिन्यांचं म्हणाल, तर स्त्रीधन हे तुमचंच. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्वच्छ सांगितलं. सासूबाईंच्या कपाटात ठेवलं म्हणून ते त्यांचं होत नाही.

हे झालं हिंदू कायद्याचं. भिवंडीत आपल्या मुसलमान भगिनी मोठ्या संख्येने आहेत. त्यांना घटस्फोट मागण्यासाठी 1939 चा कायदा आहे, तोंडी तीन तलाक 2019 च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे, आणि पोटगीचा सर्वसाधारण कायदा त्यांनाही लागू आहे असा निकाल जुलै 2024 मध्ये झाला.

आता वकिलाकडे वळू. बहुतेक घरांत वकील ठरतो तो भावाच्या ओळखीचा, आणि बोलतोही भावाशीच. मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली! माझ्या मते हे पहिल्या दिवशीच मोडावं. अशील तुम्ही आहात. भाऊ सोबत असू दे, पण हकिगत तुम्ही सांगा, नवऱ्याच्या बाजूने बोलणारी गोष्टसुद्धा लपवू नका. उलटतपासणीत ती निघतेच, आणि तेव्हा वकिलाचाही नाइलाज होतो.

विचारायला लाजू नका. कौटुंबिक कामं तुम्ही नेहमी चालवता का? तारखेला स्वतः येता, की ज्युनिअरला पाठवता? एकूण फी किती, कोणत्या टप्प्याला किती, टायपिंग-झेरॉक्स त्यात धरलं का? पैसे दिले की पावती घ्या. 'पोटगी मिळाली की त्यातला अमुक हिस्सा माझा' असं कुणी म्हणालं तर उठून या. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलांच्या नियमांनी मनाई आहे. 'सहा महिन्यांत मोकळी करतो, माझी गॅरंटी' म्हणणाराही मला तितकाच नकोसा वाटतो. वकीलपत्र वाचून सही करा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या प्रतिज्ञापत्रावर कधीही नाही. परस्परसंमतीचं काम असलं, तरी नवऱ्यानेच आणलेल्या एका वकिलावर दोघांचं भागवू नका. अटी तरी आपल्या बाजूच्या माणसाकडून वाचून घ्या. वकील बदलावासा वाटला तर बदलता येतो, आणि फी थकली म्हणून त्याला तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा 2000 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे.

पैसे नसतील तर? 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि त्यासाठी तिच्या उत्पन्नाची अट नाही. माहेर खाऊनपिऊन सुखी आहे म्हणून तो नाकारता येत नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज द्यायचा, किंवा 15100 या क्रमांकावर फोन करायचा. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या कामांत स्त्रियांना कोर्ट फीही 1994 पासून माफ आहे. कुणी ती मागितली तर कशाची मागता, ते विचारा. मारहाण होत असेल, घराबाहेर काढलं असेल, तर घटस्फोटाची वाट बघायची गरज नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घराचा हक्क आणि संरक्षण वेगळं मागता येतं.

हुकूम झाला की त्याच्या दोन-तीन सही-शिक्क्याच्या नकला मागून घ्या. अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाचं बोलणं पक्कं करू नये. त्या मधल्या दिवसांत एक नक्कल घेऊन रेशनकार्डातलं नाव, बँकेतलं आणि विम्यातलं वारसाचं नाव, मुलाच्या शाळेतली नोंद ही कामं उरकून घ्यावीत. मूळ नक्कल मात्र कुणाच्याही हाती न देता स्वतःच्या ट्रंकेत ठेवावी.