"कॉम्प्रेसर गेला" म्हणाले? थांबा, आधी एवढं बघा



एप्रिल-मेमध्ये सुरतला माल घेऊन जाणाऱ्यांना उन्हाचं वेगळं सांगायला नको. पहाटे डहाणूहून गाडी काढली तरी तलासरी, वापी, वलसाड, नवसारी करत, मध्ये ट्रॅफिक लागला तर ऊन डोक्यावर येतं. केबिनचा एसी गरम वारा फेकायला लागला तर ड्रायव्हरचे हाल. मागच्या डब्याचं कूलिंग गेलं तर पापलेटचा भावच गेला. मग हायवेवर जे पहिलं गॅरेज दिसेल तिथे गाडी लागते, मिस्त्री बॉनेट उघडतो, हात लावतो आणि म्हणतो, "कॉम्प्रेसर गयुं." दोन शब्दांत हजारो रुपये जातात.

कधी कधी ते खरंही असतं. पण कॉम्प्रेसर धडधाकट आणि दोष भलतीकडेच, असंही पुष्कळ होतं. बोटीचं इंजिन तापलं म्हणून आपण पंप काढून फेकतो का? आधी पाण्याची जाळी कचऱ्याने चोंदलीय का बघतो, पट्टा ढिला झालाय का बघतो. एसीचंही तसंच आहे. कॉम्प्रेसर स्वतः थंडावा तयार करत नाही. तो आतल्या कूलिंग कॉइलकडून गॅस ओढतो, दाबतो आणि पुढच्या कंडेन्सरच्या जाळीकडे पाठवतो. या वाटेवर कुठेही अडलं की गाडी थंड होत नाही, आणि नाव मात्र कॉम्प्रेसरचं येतं.

आधी कान लावा. इंजिन चालू, बॉनेट उघडं, कोणाला तरी एसीचं बटन दाबायला सांगा. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी 'टक्' असा आवाज येऊन पुढची प्लेट पुलीबरोबर फिरायला लागली, म्हणजे क्लच पकडतोय. (काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे 'टक्' ऐकू येणार नाही. त्यावरून काही ठरवू नका.) प्लेट फिरतच नसेल तर कॉम्प्रेसरला दोष देण्याआधी फ्यूज, रिले आणि वायर बघा. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा आणि एसीचा रिले एकाच नंबरचा असतो. तसा असेल तर अदलाबदल करून बघायला दोन मिनिटं लागतात. क्लचच्या वायरवर १२ व्होल्ट येतोय का, हे मीटर लावून कळतं. व्होल्ट येतोय आणि क्लच ओढत नाही, तर कॉइल तपासायची. तिचा रेझिस्टन्स साधारण ३ ते ५ ओहम असतो. कॉइल जळाली असेल तर बऱ्याच मॉडेलला नुसती कॉइल मिळते, अख्खा कॉम्प्रेसर घ्यावा लागत नाही.

एक लक्षण नीट ध्यानात ठेवा: सकाळी निघताना छान थंड, तास-दीड तास झाला की एसी बंद, आणि गाडी थंड झाली की परत चालू. यात बहुतेक वेळा क्लचच्या प्लेटची गॅप वाढलेली असते. ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असायला हवी. प्लेट झिजून गॅप वाढली की तापलेली कॉइल तिला ओढू शकत नाही. आतली पातळ वॉशर काढून गॅप बसवता येते. हे काम करायला तयार असलेला मिस्त्री शोधावा लागतो, कारण नवा माल विकणं त्याला सोपं पडतं.

चालत्या गाडीत थंड आणि जॅममध्ये उभी राहिली की गरम, असं असेल तर पंखा आणि कंडेन्सर बघा. आणि इथे आपला किनारा मध्ये येतो. जेटीवर, वाळूत, खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला मीठ लागतं, वर धूळ बसते, पत्रे पांढरे पडून भुगा व्हायला लागतात. हवा आरपार जात नाही, दाब चढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो. बंदरावरून आलात की गोड्या पाण्याने जाळी धुवा, साध्या पाइपने. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर गनने पाती वाकतात, मग हवा कायमची अडते.

आता गॅस. तो डिझेलसारखा जळत नाही. पाइप आणि सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो तेवढाच. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर लीक आहे, आणि लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे फाटक्या जाळ्याने मासे धरणं. जिथून गॅस जातो तिथून थोडं तेलही जातं, म्हणून जॉइंटवर तेलकट काळा डाग दिसला तर तिथे साबणाचं पाणी लावा. सिस्टीम रिकामी असेल तर नायट्रोजन भरून तपासतात. ऑक्सिजन कधीच भरू देऊ नका, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

गेज लावले की निम्मं कोडं सुटतं. केबिनच्या एसीत बहुतेक ठिकाणी आर-१३४ए गॅस असतो. उन्हाळ्यात चालू एसीचा लो साइड दाब साधारण ३० ते ५० पीएसआय, हाय साइड २०० ते २७५ च्या आसपास. दोन्ही कमी तर गॅस कमी. दोन्ही जास्त तर कंडेन्सर, पंखा किंवा गॅस जादा भरलेला. लो साइड शून्याकडे पडतेय तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर चोंदलाय. आणि इंजिन रेस करूनही लो साइड जास्त, हाय साइड कमी, दोन्ही काटे जवळजवळ येतात, तेव्हा कॉम्प्रेसर खरोखर दाबत नाहीये. मिस्त्रीला म्हणा, "गेज लावून दाखव." गॅस भरताना तो वजनाने, ग्रॅममध्ये भरायचा. आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. नुसतं काट्यावर बघून भरला तर कमी-जास्त होतोच.

डब्याचं युनिट वेगळं. त्यात बहुधा आर-४०४ए असतो, त्याचे आकडे वरच्यांशी जुळवू नका. छोट्या गाड्यांत हा कॉम्प्रेसर गाडीच्याच इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, म्हणून मनोर-तलासरीच्या रखडपट्टीत इंजिन आयडलवर राहिलं की कूलिंग आपोआप कमी होतं. तो बिघाड नाही. युनिटला विजेचा स्टँडबाय असेल तर एक सोपी परीक्षा आहे. रात्री प्लग लावल्यावर डबा थंड होतो आणि रस्त्यावर नाही, तर गॅस, कंडेन्सर, व्हॉल्व्ह ठीक आहेत. दोष रोडच्या कॉम्प्रेसरमध्ये, त्याच्या क्लचमध्ये किंवा पट्ट्यात. दोन्हीकडे थंड होत नाही, तर कॉम्प्रेसर सोडून बाकीचं आधी बघा. डब्यातल्या कॉइलवर बर्फाची भिंत जमलीय का तेही बघा. दार सारखं उघडलं, रबर फाटलं की ओल आत जाते, कॉइल गोठते आणि हवाच फिरत नाही. आणि एक, ज्यावरून नेहमी वाद होतो: हा डबा गरम माल थंड करायला नाही, थंड माल थंड ठेवायला आहे. बर्फात नीट न लावलेली मासळी चढवून युनिटला शिव्या देऊन उपयोग नाही.

कॉम्प्रेसर खरंच गेला असेल, तर नुसता तो बदलून गाडी बाहेर काढू नका. आतला कॉम्प्रेसर तुटला की धातूचा भुगा सगळ्या लाइनीत पसरतो. लाइन साफ करायची, ड्रायर नवा घालायचा, भुगा कंडेन्सरमध्ये गेला असेल तर तोही बघायचा, नाहीतर नवा कॉम्प्रेसर काही दिवसांत त्याच वाटेने जातो. तेल त्या कॉम्प्रेसरला सांगितलेलंच आणि मोजून. व्हॅक्यूम निदान अर्धा तास, मग गेज तसाच राहतो का बघायचं. जुना पार्ट आपल्या ताब्यात घ्या.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, म्हणजे ही कटकट आता आपल्यातल्या जास्त लोकांकडे येणार. त्यात १ जून ते ३१ जुलै बंदी. बोटी वर काढल्या की गाडीही दोन महिने दारात उभी. एसी बंद पडून राहिला की कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील कोरडं पडतं आणि गॅस तिथून निघतो. तेल गॅसबरोबर फिरतं, म्हणून आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून दहा मिनिटं एसी चालवा, पावसात थंडी वाजली तरी.