दूध कोणाला पचतं, बॉस?

कोल्ड कॉफीचा मोठ्ठा ग्लास रिचवला की अर्ध्या-पाऊण तासात पोटात गुडगुड सुरू होते आणि तुम्ही मीटिंगमधून हळूच सटकता? मग हे वाचाच. माझंही तेच. लहानपणी 'दूध नको' म्हटलं की घरी एकच शिक्का बसायचा : नखरे!

पण हे नखरे नाहीत, जीन्सचा मामला आहे. घालायच्या नव्हे, शरीरातल्या.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. बाळाकडे ते भरपूर असतं. पण अंगावरचं दूध सुटलं की सस्तन प्राण्यांमध्ये हे दुकान हळूहळू बंद व्हायला लागतं, मांजर असो की माणूस. मग ती साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथले बॅक्टेरिया तिच्यावर ताव मारतात, गॅस धरतो... पुढचं सांगायला नकोच. जगातल्या साधारण दोनतृतीयांश मोठ्या माणसांचं लॅक्टेज असंच कमी झालेलं असतं. म्हणजे नॉर्मल आपण, आणि झोपताना पेलाभर दूध ढोसणारा रूममेट अपवाद!

हा अपवाद घडला कसा? २००२ साली फिनलंडच्या संशोधकांना त्याचा स्विच सापडला. लॅक्टेजच्या जीनशेजारच्या दुसऱ्या एका जीनमध्ये, डीएनएच्या एका अक्षराचा बदल, 'सी'च्या जागी 'टी'. बस्स, तेवढ्यावर दुकान जन्मभर उघडं. २००७ मध्ये कळलं की टांझानिया, केनिया, सुदानमधल्या पशुपालकांकडेही असा स्विच आहे, पण अक्षरं वेगळी. एकमेकांची कॉपी न करता दोघांनी तेच गणित सोडवलं होतं.

आणि आपण? हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर दोन हजारांहून जास्त भारतीयांचे नमुने तपासले. आपल्याकडेही युरोपातलाच 'टी' मुख्य निघाला, मूळही एकच. वायव्येकडे तो जास्त, आग्नेयेकडे जावं तसा कमी. तेव्हा पंजाबी कलीगशी दूध पिण्याची पैज लावताना जरा सांभाळून.

मला सगळ्यात भारी वाटलं ते २०२२ चं संशोधन. युरोपात जुन्या मडक्यांत दुधाच्या चरबीचे अंश जवळपास ९,००० वर्षांपूर्वीचे सापडतात, पण हा जीन सर्रास दिसायला लागतो तो सुमारे ३,००० वर्षांपूर्वी. मधली हजारो वर्षं लोक न पचणारं दूध पीतच होते! मग जीन पसरला कशामुळे? संशोधकांचा तर्क असा, की एरवी गॅस झाला तर झाला. पण दुष्काळात किंवा साथीत, आधीच खंगलेल्या माणसाला जुलाब म्हणजे जिवावरचंच. ज्याच्याकडे स्विच होता तो तगला. आपल्याला मीटिंग सोडून पळायला लावणारी गोष्ट तेव्हा जीव घेत होती, हे वाचून मी खरंच गप्प झाले.

(स्टार्च पचवणाऱ्या एन्झाइमच्या जीनच्या प्रतीही माणसामाणसांत कमी-जास्त असतात. पण भात-भाकरीवर पुन्हा कधीतरी.)

गंमत म्हणजे ज्यांच्याकडे स्विच नव्हता त्यांनी स्वयंपाकघरात तोड काढली. विरजण लावलं की बॅक्टेरिया बरंचसं लॅक्टोज आधीच संपवतात. तुपात तर ते जवळजवळ उरतच नाही. आज्यांनी जीन न बदलता प्रश्न मिटवला होता, आणि आपण डेअरी बंद म्हणून ताकालाही नाही म्हणतो.

मी हायड्रोजन ब्रेथ टेस्ट करून घेतली. लॅक्टोजचं पाणी प्यायचं आणि थोड्या-थोड्या वेळाने फुंकर मारायची. रिझल्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा आई म्हणाली, ''अगं, तुझे बाबासुद्धा दूध कधी पीत नव्हते.'' इतकी वर्षं बोलली नव्हती ही!

तरी सगळं सोडायची गरज नसते. एका वेळी कपभर दूध, तेही जेवणाबरोबर, बऱ्याच जणांना चालून जातं. चहातल्या दुधाचं तर टेन्शनच नको. मात्र वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर जीनवर बिल न फाडता डॉक्टर गाठा. आणि नव्याने आई-बाबा झालेल्यांनो, हे वाचून तान्ह्याचं दूध तोडू नका. त्याचं दुकान जोरात चालू आहे.