मेडिकल कॉलेजचे वर्ष आपल्या वस्तीत मोजू या

वाशिमला सरकारी मेडिकल कॉलेज २०२४ मध्ये सुरू झाले, एमबीबीएसच्या १०० जागांसह. आनंदच आहे. पण कॉलेजची वर्षभराची प्रगती आम्ही इमारतीवरून मोजत नाही. विद्यार्थी वस्तीत किती आले, ते विचारतो.

सेवाग्रामचे कॉलेज १९६९ चे, डॉ. सुशीला नायर यांनी उभे केलेले. तिथे दरवर्षी नवी तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे मुक्काम करते, वाटून घेतलेल्या घरी पुढेही जात राहते. आता देशभर एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना काही कुटुंबे दत्तक घ्यावी लागतात. हे काम कॉलेजचा पीएसएम विभाग पाहतो. गाव निवडले की बौद्धवाडा सुटू नये, म्हणून त्या विभागाला लेखी अर्ज द्या.

आणि आले की सिकलसेलचे विचारा. विदर्भात हा आजार आदिवासींत आहे, तसा आपल्यातही आहे. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. पहिली सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली की लोक थांबतात. पण वाहक की रुग्ण, हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्येच कळते. ती करून घ्याच, लग्न ठरण्याआधी.

संशोधनासाठी कुणी रक्त मागितले तर जरूर द्या, मात्र संमतीपत्र वाचून घेतल्यावरच. वाचता येत नसेल तर आशाताईंकडून वाचून घ्या. रिपोर्ट कधी आणि कुणाकडून मिळणार, तेही तेव्हाच विचारा.