गाणे संपल्याचे ओळखणारे यंत्र

गाणे संपते. पिन तबकडीच्या मधल्या कोऱ्या भागात शिरते आणि पुढची दहाएक सेकंदे माणसाला काहीच करावे लागत नाही. आर्म आपोआप उचलला जातो आणि बाजूला होतो. दांड्यावर थांबलेल्या थप्पीतली सर्वांत खालची तबकडी सुटून आधीच्या तबकडीवर पडते. आर्म परत आत येतो, नव्या तबकडीच्या कडेवर नेमका उतरतो आणि दुसरे गाणे सुरू होते. या सगळ्यामागे इलेक्ट्रॉनिक असे काहीही नाही. थाळी फिरवणारी एकुलती एक मोटर, एक मोठे दातेरी चाक, त्याच्या पोटातली वळणदार खाच आणि डझन-दीड डझन पत्र्याच्या पट्ट्या व स्प्रिंगा, एवढ्यावर रेकॉर्ड चेंजर चालतो.

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्त्यांत, औरंगपुरा, खडकेश्वर, समर्थनगर या भागांतल्या काही घरांत, आजही लांबट, पॉलिश केलेली, चार तिरप्या पायांची लाकडी कपाटे दिसतात. ती मुळातली रेडिओग्राम. एका बाजूला व्हॉल्व्हचा रेडिओ, दुसऱ्या बाजूला झाकणाखाली चेंजर, खाली तबकड्या ठेवायचा कप्पा. मुंबईहून असा माल निघाला की मनमाडला उतरायचा आणि तिथून मीटरगेजने तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे याच शहरात, यायचा. आज कपाट जागेवर असते, त्यात काचेची भांडी असतात, वर टीव्ही असतो आणि चेंजर केव्हाच भंगारात गेलेला असतो. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या पंख्यांच्या मोटरी, पाने, पक्कड यांच्या ढिगात कधीमधी एखादा सापडतो, आर्म मोडलेला, थाळी हरवलेली. लाकूड जपले आणि यंत्र फेकले, हे मला मनापासून खटकते. त्या कपाटातली सर्वांत बुद्धिमान वस्तू तीच होती.

चेंजरची गरज पडली ती तबकडीच्या तोकड्या आयुष्यामुळे. मिनिटाला 78 फेऱ्यांची दहा इंची लाखेची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे वाजते. युरोपातली सिम्फनी चार-पाच तबकड्यांवर कापून बसवलेली असे. आपल्याकडे संगीत नाटकांचे संच असेच निघत, आणि दर तीन मिनिटांनी कोणीतरी उठून तबकडी उलटवायची. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टचा एरिक वॉटरवर्थ 1925 च्या सुमारास आपोआप तबकड्या बदलणारे यंत्र घेऊन धडपडत होता. अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने 1927 मध्ये आपला स्वयंचलित ग्रामोफोन बाजारात आणला. पुढे केपहार्टने तर तबकडी उचलून उलटी करणारे अवाढव्य यंत्र बनवले. इंग्लंडात स्विंडनची गॅरार्ड, लंडनजवळची कोलारो आणि बर्मिंगहॅमजवळची बी.एस.आर. यांनी हा पसारा आटवत आटवत एका पत्र्याच्या पाटावर बसेल एवढा केला. बी.एस.आर.चा ‘मोनार्क’ हा त्या आटोपशीर घराण्याचा मुख्य प्रतिनिधी. सात, दहा आणि बारा इंची तबकड्या, 16, 33, 45 आणि 78 या चार गती, आणि हे सगळे हाताने सहज उचलता येईल एवढ्या चौकटीत. जगभरच्या रेडिओ कंपन्या आपापल्या कपाटांत या तीन-चार कारखान्यांचेच चेंजर बसवत. आपल्याकडच्या रेडिओग्रामचे झाकण उघडले तरी बहुधा यांतलेच एखादे नाव पाटावर दिसते.

गाणे संपले हे यंत्राला कळते कसे, यातच खरी गंमत आहे. पहिला सोपा उपाय म्हणजे आर्म मध्याच्या अमुक एका जागी पोहोचला की खटका पडावा. पण एखादे गाणे अडीच मिनिटांत संपते, एखादे सव्वातीन मिनिटे चालते, त्यामुळे शेवटची खाच दर तबकडीवर वेगळ्या ठिकाणी येते. जागेवरून अंदाज बांधता येत नाही, म्हणून कारागिरांनी वेग धरला. 78 च्या तबकडीवर आर्म एका फेऱ्यात साधारण पाव मिलीमीटर आत सरकतो, 33 फेऱ्यांच्या एलपीवर त्याच्या निम्म्याहूनही कमी. गाणे संपल्यावरच्या रिकाम्या खाचेत मात्र तो एकाच फेऱ्यात कित्येक मिलीमीटर झेप घेतो. हा फरक ओळखला की काम झाले.

तो ओळखणारा भाग म्हणजे एक इवलीशी पट्टी. ती मोठ्या दातेरी चाकावर सैल बसवलेली असते आणि आर्मला नुसत्या घर्षणाने जोडलेली असते. आर्म आत सरकला की पट्टीही केसभर पुढे सरकते, थाळीच्या मध्याकडे. थाळीच्या खालच्या बाजूला, दांड्याजवळ एक छोटा उंचवटा असतो. दर फेऱ्याला तो पट्टीला हलकेच धक्का देऊन मागे लोटतो. रांगते मूल ओट्याकडे सरकले की आईने दर वेळी तेवढेच मागे ओढून घ्यावे, तसे हे गाणेभर चालू राहते. जोडणी घर्षणाची असल्यामुळे पट्टी मागे जाते, पण आर्मला धक्का जाणवत नाही आणि गाण्यात खरखर येत नाही. मग रिकामी खाच येते. आर्म झेपावतो, पट्टी एका फेऱ्यात नेहमीपेक्षा खूप आत जाते आणि आता उंचवटा तिला मागे लोटू शकत नाही. तो तिच्या टोकाला आडवा भिडतो आणि तिच्यासकट मोठे चाक थोडे फिरवतो.

एवढे थोडे पुरते. मोठ्या चाकाच्या परिघावर एका ठिकाणी दाते काढून टाकलेले असतात आणि गाणे चालू असताना ती बोडकी जागाच थाळीखालच्या छोट्या गिअरसमोर असते. म्हणून थाळी फिरत राहिली तरी मोठे चाक स्वस्थ राहते. पट्टीने त्याला ढकलले की दाते दात्यांत अडकतात आणि थाळीच त्याला एक पूर्ण फेरा फिरवते. त्या एका फेऱ्यात सगळा कार्यक्रम उरकतो. चाकाच्या पोटातली वळणदार खाच आधी आर्म उचलते, मग बाहेर नेते, मग दांड्यातल्या खटक्याला ढकलून तबकडी पाडते, मग आर्म आत आणून उतरवते. तेवढ्यात आणखी एक पट्टी पिकअपचा आवाज बंद ठेवते, म्हणून स्पीकरमधून खडखड ऐकू येत नाही. फेरा पुरा झाला की बोडकी जागा पुन्हा समोर येते आणि चाक आपोआप थांबते. मोठ्या चाकाला वेगळी मोटर लागत नाही आणि थांबवायला वेगळा ब्रेकही नाही, हे पहिल्यांदा समजले तेव्हा मी झाकण उघडे ठेवून नुसता बघत राहिलो होतो.

तबकडी सात इंची की बारा इंची, हेही पडतानाच ठरते. अनेक यंत्रांत थाळीच्या बाजूला एक लहान बोटासारखी पट्टी उभी असते. मोठी तबकडी पडताना तिला घासते आणि आर्म कुठे उतरायचा ते ठरते. सात इंची तबकडी तिला शिवतच नाही. थप्पी संपली की वरून तबकड्या दाबून धरणारा आडवा दांडा खाली येतो आणि पुढच्या फेऱ्यात यंत्र आर्म जागेवर ठेवून स्वतःला बंद करते.

एका जातीच्या तबकडीपुढे मात्र हे यंत्र हतबल आहे. 1902 मध्ये गायिका गौहर जानचे ध्वनिमुद्रण झाले, त्या काळातल्या आणि पुढच्या कित्येक वर्षांच्या तबकड्यांना शेवटची रिकामी खाचच नव्हती. आर्म झेप घेणार कशावर? ती गाणी संपली की पिन शेवटच्या खाचेत घुटमळत राहते आणि चेंजर मुकाट्याने वाट पाहत बसतो. जुन्या नाट्यपदांचे संग्राहक चेंजर का टाळतात, याचे हे एक कारण.

दुसरे कारण तबकड्यांची काळजी, आणि ती खोटी नाही. लाखेची तबकडी तबकडीवर पडते, वरची खालचीवर घसरते, मध्ये धुळीचा कण असेल तर ओरखडा उठतो. थप्पी वाढत जाते तशी पिन तबकडीला वेगळ्या कोनात टेकते. जुन्या क्रिस्टल पिकअपचा भारही आजच्या पिकअपच्या कितीतरी पट. शहरातली मे महिन्याची धूळ ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. किशोरीताई आमोणकरांची एलपी मी स्वतः चेंजरच्या थप्पीत ठेवणार नाही. पण लग्नघरात, गणपतीत किंवा पावसाळ्यातल्या संध्याकाळी दहा भावगीते ओळीने लागावीत म्हणून जे यंत्र बनले, त्याला त्या कामाच्या मापानेच जोखायला हवे.

आटोपशीरपणाची कमाल केली ती आर.सी.ए. व्हिक्टरने. कोलंबियाने जून 1948 मध्ये एलपी आणली.  मार्च 1949 मध्ये आर.सी.ए.ने 45 फेऱ्यांची सात इंची तबकडी काढली आणि तिच्याबरोबर तिच्यासाठीच आखलेला चेंजर. तबकडी आणि यंत्र एकत्र रचले गेल्याचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरे माहीत नाही. तबकडीचे भोक 38 मिलीमीटरचे ठेवले, कारण बदलण्याची सगळी यंत्रणा त्या जाड दांड्याच्या आतच बसवायची होती. बाहेर आडवा दांडा नाही, मापाची पट्टी नाही. दांड्यातून खालच्या तबकडीच्या वरच्या फटीत पातळ पाती बाहेर येतात आणि बाकीची थप्पी तोलून धरतात. त्याच वेळी खालचे आधार आत जातात आणि एकच तबकडी अलगद पडते. लेबलाचा भाग जरा उंच ठेवलेला असतो, म्हणून तबकड्या एकमेकींवर बसल्या तरी खाचा खाचांना घासत नाहीत. लाखेच्या तबकड्यांना न सुटलेला प्रश्न इथे साध्या उंचवट्याने सोडवला.

अशी छोटी अमेरिकन यंत्रे तिकडच्या नातेवाइकांच्या सामानातून आपल्याकडेही येतात आणि आली की दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली विजेच्या दाबाची. 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला की ती मिटते. दुसरी ट्रान्सफॉर्मरने मिटत नाही. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50. मोटरची गती या आकड्याला बांधलेली, म्हणून 45 ची थाळी इथे साडेसदतीस फेऱ्यांवर येते. तीन मिनिटांचे गाणे साडेतीन मिनिटांच्या पुढे जाते आणि सूर चांगल्या तीन पट्ट्या खाली घसरतो. काळी एकमध्ये गायलेले गाणे काळी पाचमध्ये, तेही खालच्या सप्तकात, ऐकू येते. उपाय मोटरच्या दांडीवर आहे. तिचा व्यास बरोबर एक पंचमांशाने वाढवायचा, म्हणजे त्या मापाची पितळी नळी घट्ट बसवायची. चिकलठाणा एमआयडीसीतल्या कोणत्याही चांगल्या लेथवाल्याला हे काम जमते. मोटारसायकलींचे सुटे भाग शतांश मिलीमीटरमध्ये कातणाऱ्या या शहरात त्यासाठी परदेशी पत्र लिहायची गरज नाही. मोठ्या भोकाच्या तबकड्या मात्र तिकडूनच आणाव्या लागतात, कारण आपल्याकडे निघालेल्या बहुतेक सात इंची ईपींचे भोक एलपीसारखे बारीक आहे.

बंद पडलेला चेंजर बहुतेक वेळा मोडलेला नसतो, गोठलेला असतो. कारखान्यात भरलेले ग्रीस पन्नास वर्षांत वाळून खळीसारखे घट्ट होते आणि मराठवाड्याचा उन्हाळा त्याला आणखी मदत करतो. थाळी फिरते, गाणेही वाजते, पण शेवटी आर्म उचलला जात नाही किंवा अर्ध्या वाटेत अडकतो. शहागंजाकडच्या जुन्या रेडिओ मेकॅनिकांची रीत मला पटलेली आहे: आधी काहीही वाकवायचे नाही, फक्त धुवायचे. थाळी काढायची, सगळे सांधे रॉकेलने किंवा पेट्रोलने पुसून मोकळे करायचे, मोठ्या चाकाच्या खाचेत नव्या ग्रीसचे एक बोट, सांध्यांत शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. त्या इवल्या पट्टीच्या घर्षणाच्या जोडणीवर मात्र तेलाचा थेंबही नको. तिथे तेल गेले की पट्टी आर्मबरोबर सरकत नाही, आणि यंत्राला गाणे संपल्याचे कळत नाही.

मग रबरी चाक. मोटरच्या पायऱ्यांच्या दांडीवरून थाळीला गती देणारे ते हेच. स्पिरिटने पुसून बारीक पॉलिश पेपरने त्याची चकाकी काढली की बरेचदा काम होते. यंत्र गती लावलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे पडून राहिले असेल तर रबराला खड्डा पडतो आणि दर फेऱ्याला धप असा आवाज येतो. मग नवीन रबर चढवणे आले. पिकअपचे म्हणाल तर जुन्या क्रिस्टलमधले रोशेल सॉल्ट दमटपणात विरघळते आणि कडक उन्हातही टिकत नाही. त्याच्या जागी सिरॅमिक पिकअप बसवला तर आवाज परत येतो.

कॅसेटने हे सगळे मागे टाकले. 1963 मध्ये फिलिप्सने आणलेली कॅसेट आपल्याकडे ऐंशीच्या दशकात घरोघर पोहोचली. तासभर गाणी, थप्पी नाही, पिन नाही. पुढे तबकड्यांना पुन्हा मान मिळाला, पण तो एकेक तबकडी हाताने ठेवणाऱ्यांच्या हातून. 1990 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने तबकड्यांची आणि गायकांची माहिती जपण्याचे मोठे काम केले. ज्या यंत्रांवर ती गाणी मध्यमवर्गीय घरांत वाजली त्यांच्या नोंदी करायला मात्र अजून भरपूर वाव आहे. कोणत्या कपाटात कोणता चेंजर होता, एवढे जरी एखाद्या शहराने टिपून ठेवले तरी खूप झाले.

तुमच्या घरच्या कपाटात असा चेंजर अजून असेल तर एक विनंती आहे. प्लग लावू नका. जुनी वायर आणि कंडेन्सर आधी जाणत्याकडून तपासून घ्या. मग थाळी हाताने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, हळू फिरवा आणि आर्म दुसऱ्या हाताने झटकन मध्याकडे न्या. मोठे चाक हलले, आर्म उचलला गेला, दांड्यातला खटका पुढे आला तर यंत्र जिवंत आहे. मध्येच अडकले तर जोर लावू नका. जिथे अडकले तिथे रॉकेलचा थेंब सोडा आणि रात्रभर तसेच ठेवा.