वाघ टीव्हीवर बघितला, बिबट्या उसात आला : वाल्मीक थापर यांनी मागं काय ठेवलं?

३१ मे २०२५. वार शनिवार. श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीत शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस. खिलार बैल, एचएफ गाई, म्हशी, शेळ्या, त्यांना घेऊन आलेल्या पिकअप आणि टेम्पोंची रांग. जनावरांच्या या बाजाराचं नाव जिल्ह्याबाहेरही आहे.

त्याच शनिवारी सकाळी दिल्लीत, राहत्या घरी, वाल्मीक थापर यांचं निधन झालं. त्यांना कॅन्सर होता.

नुसतं नाव ऐकून अनेकांना चेहरा आठवणार नाही. पण धिप्पाड अंगाचा, भरघोस दाढीचा, घनगंभीर आवाजाचा एक माणूस जीपमध्ये उभा राहून वाघाबद्दल बोलतोय, हे दृश्य नव्वदच्या दशकात टीव्ही बघितलेल्यांना आठवेल. ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह आयर्विन ४ सप्टेंबर २००६ ला स्टिंगरे माशाच्या काट्यानं गेले, तेव्हा जगभरातली पोरं रडली होती. थापर गेल्यावर तसं काही झालं नाही. त्यांनी कधी मगरीवर उडी मारली नव्हती, की कॅमेऱ्यासमोर साप धरला नव्हता. ते लांब उभे राहायचे आणि बोलायचे. रीलच्या जमान्यात हे जरा मागंच पडणार.

मग काष्टीचा आणि त्यांचा संबंध काय? आहे. पण त्याआधी रणथंभोरला जावं लागेल.

दिल्लीचा पोरगा जंगलात कसा गेला?

थापर यांचा जन्म १९५२ चा. वडील रोमेश आणि आई राज थापर, दोघंही पत्रकार. 'सेमिनार' हे गाजलेलं मासिक या दोघांनी १९५९ मध्ये सुरू केलं, तेही मुंबईतून. इतिहासकार रोमिला थापर या वाल्मीक यांच्या आत्या. पुढं मुंबईशी नातं आणखी घट्ट झालं, कारण त्यांचं लग्न झालं संजना कपूर यांच्याशी. म्हणजे शशी कपूर यांची मुलगी, जुहूचं पृथ्वी थिएटर अनेक वर्षं सांभाळणाऱ्या.

थोडक्यात, घरात पुस्तकं, चर्चा, नाटक असं सगळं. वाघ कुठंच नव्हता.

१९७६ मध्ये, तेविशीच्या आसपास, ते राजस्थानातल्या रणथंभोरला गेले. तिथं त्यांना फतेहसिंग राठोड भेटले. मोठ्या मिशा, डोक्यावर हॅट, जंगलाची जबाबदारी अंगावर घेतलेला अधिकारी. प्रोजेक्ट टायगर १९७३ ला सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं, तसंच रणथंभोरही होतं. पण तेव्हाच्या रणथंभोरमध्ये वाघ दिसणं ही नशिबाची गोष्ट होती. जंगलात गावं होती, गुरं चरायची, आणि वाघ रात्रीच बाहेर पडायचा.

राठोड यांनी डझनभर गावं जंगलाबाहेर हलवली. लोकांना समजावून हलवली, असं सांगतात. पण सगळे खूश होते असं मुळीच नाही. १९८१ मध्ये गावकऱ्यांनी राठोड यांना इतकं मारलं की ते जेमतेम वाचले. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गावं गेली, गवत वाढलं, सांबर वाढले आणि वाघ दिवसाढवळ्या फिरायला लागला. आज सफारीच्या जिप्सीतून आपण वाघाचा व्हिडिओ काढतो, त्याची सुरुवात तिथली आहे.

त्यांनी असं वेगळं काय दाखवलं?

थापर प्राणिशास्त्र शिकलेले नव्हते. ते तासनतास बसायचे, बघायचे आणि लिहून ठेवायचे. रणथंभोरच्या तळ्यांत पाणवनस्पती खायला सांबर उतरतात. ऐंशीच्या दशकात 'चंगेज' नावाच्या एका नर वाघानं काठावरच्या गवतातून सुसाट निघून थेट पाण्यात सांबर गाठायचं तंत्र साधलं. थापर आणि राठोड यांनी ही शिकार वारंवार पाहिली आणि तिचे फोटो जगभर गेले.

दुसरी गोष्ट तर जास्त मोठी. नर वाघ म्हणजे पिल्लांचा वैरी, असंच तोवर सांगितलं जायचं. रणथंभोरमध्ये या लोकांनी नर वाघ आपल्या पिल्लांसोबत पाण्यात बसलेला, त्यांना शिकारीत वाटा देणारा पाहिला. वाघाला कुटुंब असतं, ही कल्पना सामान्य माणसाच्या डोक्यात शिरली ती इथून. एकेका वाघाला नाव द्यायचं, त्याचा स्वभाव ओळखायचा, त्याची वंशावळ लक्षात ठेवायची, हे सगळं त्याच पठडीतलं. 'मछली' वाघीण २०१६ ला मेली तेव्हा तिच्या अंत्यसंस्काराच्या बातम्या झाल्या, त्यामागंही हेच.

१९९७ मध्ये बीबीसीवर 'लँड ऑफ द टायगर' ही सहा भागांची मालिका आली आणि थापर घराघरांत पोहोचले. नावात वाघ असला तरी मालिकेत समुद्र होता, वाळवंट होतं, हिमालय होता. भारताच्या निसर्गाची गोष्ट गोऱ्या निवेदकाऐवजी एक भारतीय माणूस सांगतोय, याचं तेव्हा फार अप्रूप होतं. त्यांच्या नावावर तीसहून जास्त पुस्तकं आहेत. अगदी २०२४ मध्येही रणथंभोरमधल्या त्यांच्या पन्नास वर्षांवर 'माय टायगर फॅमिली' हा माहितीपट आला.

आणि भांडण?

थापर भांडायचे. सरकारी समित्यांवर बसायचे आणि सरकारवरच तुटून पडायचे.

सगळ्यात गाजलेलं भांडण २००५ चं. राजस्थानातल्याच सारिस्का व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही, हे तेव्हा उघड झालं. शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते. केंद्रानं सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली टायगर टास्क फोर्स नेमला. त्यात पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ होते आणि थापरही. अहवालाचा सूर असा होता, की जंगलात आणि काठावर राहणाऱ्या माणसांना सोबत घेतल्याशिवाय वाघ वाचणार नाही. थापर यांना ते पटलं नाही. त्यांनी वेगळी टिपणी जोडली. त्यांचं म्हणणं सरळ होतं : वाघ आणि माणूस एकाच जमिनीवर नांदू शकत नाहीत, वाघासाठी काही जागा पूर्ण मोकळी ठेवावीच लागेल.

यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. जंगलातल्या आदिवासींनी जायचं कुठं, हा प्रश्न खोटा नव्हता. राठोड यांना मार बसला तोही याच प्रश्नातून. पण आकडे थापर यांच्या बाजूनंही काही सांगतात. २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ होते, २०२२ मध्ये सरासरी अंदाज ३,६८२ वर गेला. महाराष्ट्रात तेव्हा १०३ होते, ते ४४४ झाले. वाढ मुख्यतः राखीव, कडक बंदोबस्ताच्या जंगलांतून झाली. चित्त्यांबद्दलही ते असेच अडून बसले होते. २०२२ ला कुनोत आफ्रिकी चित्ते आले तेव्हा अधिवास आणि भक्ष्य पुरेसं नाही, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं.

आता काष्टी

अहिल्यानगर जिल्ह्यात व्याघ्रप्रकल्प नाही. पण घोड आणि भीमेच्या काठच्या उसात बिबट्या आहे, आणि त्याला 'मोकळी जागा' कुठं द्यायची याचं उत्तर थापर यांच्या सिद्धांतात सापडत नाही.

याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅप लावून अभ्यास केला. तो २०१३ ला प्रसिद्ध झाला. शेतं, वस्त्या, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं, आणि तिथं दर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे! त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा निघाला कुत्र्यांचा. त्याआधीच्या जुन्नरच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. बिबटे पकडून दुसरीकडं सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले.

शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा 'आजोबा' आठवतोय? २००९ मध्ये तो विहिरीत सापडला, माळशेजला सोडला, तर गडी चालत मुंबईच्या वेशीपर्यंत गेला. २०१४ मध्ये उर्मिला मातोंडकरचा सिनेमा आला तो त्याच्यावरच.

पण सगळे बिबटे आजोबा नसतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घोड नदीपलीकडच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूत भागात तीन जणांचा जीव गेला. त्यात दोन लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, वन विभागाला बिबट्याला गोळी घालावी लागली. ज्या घरातलं पोर गेलं त्या घराला 'सहजीवन' हा शब्द ऐकवायची हिंमत कोण करणार? थापर यांचा कडवटपणा अशा वेळी थोडा समजतो.

काष्टीच्या बाजाराला कळणारा हिशेबही बघा. बिबट्यानं गाय, म्हैस किंवा बैल मारला तर सरकारी नियमानं बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. चांगली दुभती म्हैस लाखाच्या पुढं जाते. म्हणजे पंचनामा वेळेत झाला आणि पैसे आले, तरी फरक शेतकऱ्याच्याच खिशातून.

आणि एक विसरलेली गोष्ट. श्रीगोंदा तालुक्याचा भाग १९७९ पासून माळढोक अभयारण्यात होता. साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, कागदावर. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं, लोकांना जमिनीचे व्यवहार अवघड झाले, शेवटी अभयारण्य छाटून सव्वाबाराशेपर्यंत आणलं. तोवर माळरानं नांगरली गेली होती आणि माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला होता. शेजारच्या कर्जतमध्ये काळविटांसाठी राखलेलं रेहेकुरी अभयारण्य मात्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. तिथं काळवीट आजही आहेत.

संध्याकाळी काष्टीचा बाजार उठतो. नवी गाय टेम्पोत चढते आणि उसाच्या मधल्या वस्तीवर उतरते. गोठ्याला चारी बाजूंनी जाळी असेल तर मालक झोपतो. नसेल तर लाईट चालू ठेवतो, आणि रात्रीचं भारनियमन असलं की बॅटरी घेऊन दोन-तीनदा उठतो.